गुर्नियाच्या उंबऱ्यावर

"बंद झालं," फाटकाला कुलूप घालता घालता रखवालदार म्हणाला. मागं वळून पाहायची तसदीसुद्धा घेतली नाही त्यानं.

एर्गिनीच्या मागं बेल्जियमहून आलेली म्हातारी मंडळी उभी होती. घामेजलेली, टोप्या सावरणारी, रिकाम्या बाटल्या हातात धरलेली. खाली हमरस्त्याच्या कडेला त्यांची बस इंजिनाचं झाकण उघडून उभी होती आणि ड्रायव्हर याकुमीस त्यात डोकं खुपसून कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होता. सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. आफ्रिकेतली तांबडी धूळ समुद्र ओलांडून दातांखाली कचकच करत होती.

"बंद व्हायला अजून वेळ आहे," एर्गिनी म्हणाली.

"माझ्या घड्याळात नाही."

"मग तुमचं घड्याळ पुढं आहे."

"थकलंय हो बाई ते. घरी जायची घाई झालीय त्याला."

"थकलेलं घड्याळ मागं पडतं," ती म्हणाली. "पुढं पळत नाही."

आता मात्र तो वळला. चाळिशीचा असेल. काळा शर्ट, दाढीत धूळ, आणि डोळे... रात्रभर जागल्यासारखे. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या रांगेकडे, मग दगडावर मटकन बसलेल्या एका आजीबाईंकडे. त्यानं कुलूप काढलं.

"पण एक आहे," तो म्हणाला. "ती बैलतोंड्या राक्षसाची गोष्ट इथं सांगायची नाही. इथं सुतार राहायचे, कुंभार राहायचे, तेल गाळणारे राहायचे. राजा असलाच तर गावच्या पाटलाएवढा."

"बरं," ती म्हणाली. खरं तर तिला त्याला मिठीच मारावीशी वाटली. एप्रिलपासून रोज क्नोसोसच्या राजवाड्यात ती पर्यटकांना तीच गोष्ट सांगत होती. मिनोस राजा, त्याचा भूलभुलैया, आतला राक्षस, सुताचा गुंडा. मग लाल खांब, भिंतीवरचे डॉल्फिन, बैलाच्या पाठीवरून कोलांटी मारणारी पोरं. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, की या लोकांची लिपी आपल्याला अजून वाचता येत नाही, ते एकमेकांशी काय बोलत हे कुणालाच ठाऊक नाही. तिथं लोक हमखास सुस्कारा टाकायचे. पूर्वी तीही टाकायची. आताशा त्या वाक्यापाशी तिला फक्त पाणी प्यावंसं वाटायचं.

गुर्निया म्हणजे दगडी डोणी. घराघराच्या दाराशी त्या पडलेल्या, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. गावाचं खरं नाव गावाबरोबरच गेलं. कमरेएवढ्या भिंतींची ती घरं टेकडीभर एकमेकांना बिलगून बसली होती आणि त्यांच्यामधून पायऱ्यांची गल्ली वर चढत होती. एर्गिनी थोडं वर जाऊन थांबली, मंडळी गोळा झाली, आणि तिनं तोंड उघडलं.

"साडेतीन हजार वर्षांपूर्वी या गल्लीतून..."

पुढचा शब्द आलाच नाही. तिनं खाकरून पाहिलं. पुन्हा ओठ हलवले. नुसता वारा. गेले कित्येक आठवडे घसा बसत होता, सकाळी मधाचं पाणी पिऊन ती तो ओढून ताणून उठवत होती. आज तो उठलाच नाही. मंडळी सभ्यपणे वाट पाहत राहिली. मग एका आजोबांनी तिच्या हातात खोकल्याची गोळी ठेवली आणि सगळे आपापले पांगले. कुणी एका घरात शिरलं, कुणी दुसऱ्या. एक जोडपं एका खोलीत भिंतीला असं टेकून बसलं, जणू आतून आता कुणी कॉफी घेऊन येणार आहे.

एर्गिनी जवळच्या उंबऱ्यावर बसली. रडू येत होतं, पण त्यालाही ताकद लागते.

थोड्या वेळानं तिच्यासमोर पत्र्याचा एक मग आला. डोंगरातल्या पाल्याचा गरम चहा, थाइमच्या रानफुलांचा मध घातलेला. तिनं आभार मानायला तोंड उघडलं तसा रखवालदारानं हात वर केला.

"नको. नुसतं प्या."

आणि तो समोरच्या उंबऱ्यावर बसला. गल्ली इतकी अरुंद, की दोघांचे गुडघे जवळजवळ लागत होते. वाऱ्यानं धूळ आणली, दोघांनी डोळे मिटले. वारा पडला, दोघांनी उघडले, आणि नेमकं एकमेकांकडे पाहिलं. तिनं घाईनं चहाचा घोट घेतला. जीभ पोळली.

खालून बसचा भोंगा वाजला.

"माझं नाव मानूसोस," तो उठत म्हणाला. "तुमचं परत याल तेव्हा सांगा."

डॉक्टरनं घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी धरल्याचं सांगितलं. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजही नाही, ती तर जास्त वाईट. नाही ऐकलंत तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर आवाजाची खात्री कुणी देणार नाही.

तसं एर्गिनीचं सगळं आधीच ठरलं होतं. श्टुटगार्टला तिची बहीण होती, बहिणीच्या ओळखीत एक प्रवास कचेरी होती आणि त्या कचेरीत तिच्यासाठी एक खुर्ची होती. डिसेंबरचं तिकीट काढलेलं. इराक्लिओ शहरातली खोली सोडून ती कावूसी गावात मावशीकडे आली होती, जायच्या आधी थोडं झोपावं म्हणून. पण हरिक्लिया मावशीकडे झोप मिळणं कठीण. मावशी अखंड बोलायची, आणि तिला उत्तरं लागायची.

"डोकं काय हलवतेस गाढवासारखं? खाणार की नाही? जर्मनीत काय खाणारेस? तिथं ऑलिव्हला चव नसते. ऐकतेयस ना?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एर्गिनीनं कोट घातला आणि सितियाहून येणाऱ्या बसला हात केला. कुठं जायचं ठरवलं नव्हतं... निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. गुर्नियाच्या फाटकापाशी बस थांबली तेव्हा मानूसोस दाराशी झाडू मारत होता.

"आलात," तो म्हणाला. जणू ती फक्त कोपऱ्यावरून पाव आणायला गेली होती.

तिनं घशावर बोट ठेवलं आणि फोनवर अक्षरं जुळवून त्याच्यापुढं धरली. त्यानं फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग तिरका केला.

"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला. "काय बारीक अक्षर आहे तुमचं. मुंग्या चालल्यात नुसत्या."

ती हसली. आवाज न करता, खांदे हलवून. मग फोन खिशात गेला आणि पुढं कधी फारसा बाहेर आला नाही. त्या बेटावर 'नाही' म्हणायला भुवया वर केल्या की पुरतात, आणि 'हो' म्हणायला मान किंचित कलली की झालं. मानूसोसनं सगळे प्रश्न त्याच मापाचे केले.

"डॉक्टरनं तोंड बंद ठेवायला सांगितलंय?"

मान कलली.

"नवऱ्याला आनंद झाला असेल."

भुवया वर.

"आनंद नाही झाला, की नवराच नाही?"

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा प्रश्न भुवयांत बसत नव्हता आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"बरं, एकेक विचारतो. नवरा आहे?"

भुवया वर. सावकाश.

"हं," तो म्हणाला आणि उगाचच झाडूच्या काड्या नीट करू लागला.

मग ती येतच राहिली. हिवाळ्यात तिथं कुणी फिरकत नसे. एखादं चुकलेलं जोडपं, एखादा वही घेऊन आलेला विद्यार्थी. ती आपल्या उंबऱ्यावर बसे. एक दिवस तिथं मेंढीचं कातडं अंथरलेलं दिसलं. त्यानं काही म्हटलं नाही, तिनंही काही विचारलं नाही. विचारता येतही नव्हतं. तो समोर बसून बोले, आणि कंटाळला की गप्प बसे. ते गप्प बसणं तिला फार आवडायचं. वर्षानुवर्षं ती शांतता दिसली की भरून काढत आली होती. लोकांनी पैसे दिलेत, त्यांना काही कमी पडू नये म्हणून. इथं काही कमी पडत नव्हतं.

तो पश्चिमेच्या डोंगरातला, स्फाकियाचा. तिथली माणसं ताठ आणि तापट म्हणून सगळ्या बेटाला माहीत. "मी त्यातला नापास झालेला," तो म्हणायचा. बायको अथेन्सला निघून गेली, घर विकलं, आणि ही नोकरी मिळाली तशी तो बेटाच्या या टोकाला आला. खाली पाखिया आमोसला, समुद्राला लागून, एक भाड्याचं घर होतं त्याचं.

"एकदा मी तिला थांब म्हटलं होतं," एक दिवस तो म्हणाला. त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं आणि समुद्र शिशासारखा दिसत होता. "गयावया केली. थांबली बिचारी. आणि मग दोन वर्षं माझ्याकडे पाठ करून झोपली." तो थोडा वेळ डोणीतल्या पाण्याकडे पाहत राहिला. "तेव्हापासून मी कुणाला थांब म्हणत नाही. कुणालाच."

तिकिटाबद्दल तिनं त्याला सांगितलं होतं. हाताचं विमान करून, उत्तरेकडे बोट दाखवून. त्यानं मान हलवली होती, एवढंच.

"हे गाव जळलं माहितेय ना," तो पुढं म्हणाला. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही लोकांना शिकवता. सगळं बेटच जळलं तेव्हा. पण थोडी माणसं परत आली इथं. त्याच भिंतींवर भिंती चढवल्या. मला नेहमी वाटतं, का आली असतील?"

एर्गिनीला पुस्तकातली सगळी उत्तरं येत होती. बंदर, जमीन, पूर्व-पश्चिमेची वाट. तिनं खांदे उडवले.

"थकली असतील," मानूसोस म्हणाला. "आणखी पुढं कुठं जायचं म्हणून."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या दाढीत गवताची एक काडी अडकली होती. तिनं हात पुढं केला, काडी काढली... आणि हात लगेच मागं घ्यायचा राहून गेला. त्यानं डोळे मिटले. कुणीतरी फार दिवसांनी ओझं उतरवायला मदत करावी, तसा चेहरा झाला त्याचा.

"एर्गिनी," तो म्हणाला. मावशीच्या गावात चौकशी करून नाव त्यानं केव्हाच शोधलं होतं. "तू उद्या येऊ नकोस. पाऊस आहे."

'तू' म्हणाला. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

ती अर्थातच गेली.

पाऊस रात्रीपासून कोसळत होता. बसमधून उतरली तेव्हा रस्त्यावरून तांबडं पाणी वाहत होतं आणि फाटक उघडं होतं. रखवालदाराच्या खोलीत कुणी नव्हतं. तिला तो दिसला तो कुंपणाबाहेर, उताराच्या पायथ्याशी. वरच्या ऑलिव्हच्या शेतातलं पाणी जुन्या गावात शिरू नये म्हणून फावड्यानं चर मोकळा करत होता. तिला पाहून त्यानं हात हलवला. मागं जा, अशी खूण केली. आणि त्याच्यामागचा शेताचा दगडी बांध, फुगलेल्या पोटासारखा, सावकाश पुढं आला आणि बसला.

आवाज फार मोठा झाला नाही. चिखलानं तो खाऊन टाकला.

ती पोचली तेव्हा तो कमरेपर्यंत दगडांखाली होता, शुद्धीवर, चेहरा पांढराफटक. चरातलं पाणी त्याच्या छातीशी तुंबत होतं.

"पाय," तो म्हणाला. "एर्गिनी, पाय हलत नाही."

तिनं दगड ओढायला सुरुवात केली. वरचे निघाले. खालचा एक होता तो तिच्यासारख्या चौघींनाही हलला नसता. तिनं फोन काढून मदतीचा नंबर लावला. "हॅलो?" पलीकडून बाईचा आवाज आला. "हॅलो, बोला. कोण बोलतंय?" एर्गिनीनं सगळा जीव घशात आणला. गंजलेलं दार करकरावं तसा काहीतरी आवाज निघाला. "हॅलो? पोरांनो, हा नंबर खेळायला नाही." फोन बंद झाला.

तिनं आपला कोट काढून त्याच्या डोक्याखाली खुपसला, पाणी तोंडाशी येऊ नये म्हणून, आणि रस्त्याकडे धावली.

वळणावरून ऑलिव्हच्या पोत्यांनी भरलेली एक गाडी येत होती. पावसात दिवे मिणमिणते. ओरडायचा प्रश्नच नव्हता. एर्गिनी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाडीचा भोंगा वाजला, वाजतच राहिला. ती हलली नाही. चाकं घसरली, गाडी तिरकी झाली आणि तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबली. गरम इंजिनाची वाफ तिच्या तोंडावर आली.

"वेडी आहेस का?" म्हातारा शेतकरी खिडकीतून म्हणाला. "तोंड नाही का तुला?"

तिनं दार उघडलं, त्याची बाही धरली आणि ओढायला लागली.

मोडलेला पाय इएरापेत्राच्या दवाखान्यात जुळवला गेला. वेळेवर आणलं, नाहीतर आधी पाण्यानंच घात केला असता, असं डॉक्टर म्हणाले. मावशी रोज डबा पाठवत होती, लिंबू आणि अंडं घातलेलं कोंबडीचं सूप, आणि बरोबर न विचारलेले सल्ले. एर्गिनी डबा घेऊन यायची, खुर्चीवर बसायची, संध्याकाळी जायची. घशाच्या डॉक्टरनं तपासून, चुचकारून, थोडं थोडं बोलायला परवानगी दिली होती. पण पहिले दोन दिवस ती त्याच्यासमोर बोललीच नाही. काय बोलावं ते सुचत नव्हतं. शिवाय आवाज बदलला होता. खोल झाला होता, खरबरीत.

तिसऱ्या दुपारी तो उशीला टेकून बसला होता. पाय पांढऱ्या प्लास्टरमध्ये, टांगलेला.

"त्या म्हाताऱ्यानं सगळ्या गावात सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणे, तुझी बाई माझ्या गाडीपुढं उभी राहिली, बैलापुढं उभी राहावी तशी."

"कोलांटी मारायची राहिली," एर्गिनी म्हणाली.

त्यानं चमकून पाहिलं. पहिल्या दिवशी फाटकापाशी तो आवाज वेगळा होता, दमलेला पण गुळगुळीत, हजार वेळा वापरलेला. हा कुणी वापरला नव्हता अजून.

"असा आहे होय," तो हळूच म्हणाला.

"असा झालाय. आवडला नाही?"

भुवया वर झाल्या. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं घाईनं मान कलवली. "आवडला. म्हणजे... आवडला. विमान कधी आहे?"

"परवा."

"हं."

खिडकीबाहेर पाऊस निवळला होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता.

"तू काही म्हणणार नाहीस ना?" तिनं विचारलं.

"नाही. तुला सांगितलंय मी."

"सांगितलंयस." तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "तुझं घर किती मोठं आहे?"

"दीड खोली. ओल आहे. का?"

"वारा आत येतो?"

"दक्षिणेच्या खिडकीतून. तावदान तुटलंय."

"ते बसवून घ्यावं लागेल."

"हा पाय घेऊन?"

"मी बसवीन." तिनं वर पाहिलं. "हे बघ, मानूसोस. मला फार थकवा आलाय. एक वर्षाचा नाही, बऱ्याच वर्षांचा. मी हसरी-खेळती अशी काही वागणार नाही. सकाळी बोलणार नाही. क्नोसोसला पुन्हा जाईन की नाही, माहीत नाही. जर्मनीतली खुर्ची चांगली आहे, पण तिथं बसल्यावर समोर कोण बसणार, तेही मला माहीत नाही. इथलं माहीत आहे."

त्यानं टांगलेल्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे तू मला मागणी घालतेयस," त्यानं विचारलं, "की तक्रार करतेयस?"

"दोन्ही वेगवेगळं करायची ताकद नाहीये माझ्यात."

तो हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि तो भिंतीकडे पाहू लागला. तिनं पाहिलं नाही असं दाखवलं.

"मी पाठ करून झोपत नाही," ती म्हणाली. "मी पालथी झोपते. तेवढं चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. घसा आता त्याचा बसला होता. "एर्गिनी... थांबशील?"

"तू म्हणणार नव्हतास."

"नव्हतो म्हणणार."

तिनं खुर्ची खाटेजवळ ओढली. बहिणीला फोन करायचा होता, तिकिटाचं बघायचं होतं, मावशीचं तर ऐकावंच लागणार होतं. सगळं उद्या. तिनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, त्यावर गाल टेकला, आणि बोलता बोलता, कुठलंसं वाक्य अर्धं सोडून, झोपली.

परिचारिका आली. तिनं सूप वाडग्यात ओतून त्याच्यापुढं ठेवलं आणि खा म्हणून खूण केली. उजवा हात अडकलेला. मानूसोसनं डावं बोट ओठांवर ठेवलं. वाडग्यातली वाफ हळूहळू विरली. बाहेर ओल्या रस्त्यावरून ऑलिव्हच्या गाड्या जात होत्या, आणि तो मुंग्या आलेला हात न हलवता बसून राहिला.